ठेचल्यानंतरची दहा मिनिटं

लसणाचा अख्खा गड्डा नाकाशी धरावा. सालींचा, मातीचा कोरडा वास येतो. सोललेली पाकळीही तशी गप्पच असते. वरवंटा पडला की मात्र ओसरीवरच्या माणसाला कळतं. कोरेगावच्या घरी आत्या पाट्याशी बसली की आजोबा बाहेरूनच विचारायचे, "भाकरी टाकली का?"

तो वास पाकळीत आधीपासून भरलेला नसतो, ती फुटताना तयार होतो, हे मला बऱ्याच वर्षांनी समजलं. तेव्हापासून या वहीत लसणाची टिपणं साठत गेली.

*

पाकळीच्या आत दोन पदार्थ शेजारी राहतात, पण वेगवेगळ्या कप्प्यांत. एक अ‍ॅलिइन, गंधकाचं संयुग, स्वतःला वास नसलेलं. दुसरं अ‍ॅलिनेज नावाचं विकर. दात, सुरी, वरवंटा किंवा जमिनीतली कीड, कशानेही पेशी फुटल्या की दोघांची गाठ पडते आणि काही सेकंदांत अ‍ॅलिसिन तयार होतं. जिभेला झोंबतं ते हेच. कंदाने ते स्वतःच्या बचावासाठी ठेवलंय: जो कुरतडेल त्याच्या तोंडातच ते तयार व्हावं.

अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली या दोघांनी १९४४ मध्ये अ‍ॅलिसिन वेगळं काढलं आणि ते जिवाणूंना मारतं हे दाखवलं. पुढे चार वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये स्टोल आणि सीबेक यांनी अ‍ॅलिइनचा छडा लावला, म्हणजे फुटण्याआधी पाकळीत काय असतं ते सांगितलं. क्रम उलटा वाटतो, पण आपल्यालाही लसूण तसाच कळतो. आधी डोळ्यांत पाणी, मग विचार.

अ‍ॅलिसिन टिकाऊ नाही. थोड्या वेळात ते मोडायला लागतं आणि त्याची दुसरी गंधकाची संयुगं होतात. म्हणून सकाळच्या चटणीला संध्याकाळी वेगळा वास येतो.

*

अ‍ॅलिनेज उष्णतेने मरतं. अख्खी पाकळी गरम तेलात टाकली तर ती गोड, मऊ, छान लागते, पण त्या दोघांची भेट व्हायची राहूनच जाते. २००१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांवर एक तपासणी केली. लसूण मायक्रोवेव्हमध्ये नुसता एक मिनिट तापवला तरी कर्करोगाला अटकाव करण्याचा त्याचा गुण गेला. पण तोच लसूण आधी ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवला आणि मग तापवला, तर काही गुण उरला. विकराला आपलं काम उरकायला तेवढा वेळ मिळाला होता.

उंदरांवरून माणसाचं काही ठरवायचं नाही. पण दहा मिनिटांची गोष्ट मला फार आवडली, कारण आई तेच करत आलीय. स्वयंपाकाला लागली की पहिल्यांदा आलं-लसूण ठेचून वाटीत ठेवायची, मग भाजी निवडायची, चिरायची, मग कढई चढवायची. फोडणीपर्यंत दहा मिनिटं सहज होतात. तिच्या डोक्यात रसायनशास्त्र नव्हतं. खलबत्ता एकदाच धुवावा लागतो, एवढंच कारण.

*

सोलकढीवरून आमच्याकडे जुना वाद आहे. आईचं माहेर राजापूरकडचं. ती ओलं खोबरं, दोन-तीन लसूण पाकळ्या, हिरवी मिरची आणि जिरं एकत्र वाटते, पिळून रस काढते आणि कोकमाचं आगळ अगदी शेवटी घालते. मावशी भिजवलेली सोलं आणि त्यांचं पाणी खोबऱ्याबरोबरच मिक्सरमध्ये घालते. साहित्य तेच, प्रमाण तेच. पण आईची कढी घशात चावते आणि मावशीची सौम्य लागते. मावशी म्हणायची, तुमचा लसूण उग्र. आई म्हणायची, तुझा शिळा.

एका रविवारी एकाच गड्ड्यातल्या पाकळ्या घेऊन मी दोन्ही तऱ्हांनी कढी केली. फरक तसाच आला. लसूण दोघींचाही चांगला होता. फार आंबटपणात अ‍ॅलिनेज चालत नाही, आणि कोकम चांगलंच आंबट. मावशीच्या भांड्यात पाकळी फुटते तीच आंबट पाण्यात, विकर तिथेच थांबतं. आईच्या भांड्यात लसणाचं काम आधी पुरं होतं, आंबट मागून येतं.

कुठली चांगली? तळलेल्या बांगड्याबरोबर आईची. नुसतीच पेला भरून प्यायला मावशीची. आता मी घरी माणसं बघून ठरवते.

*

बाबांची सकाळ. उठल्यावर चूळ भरून दोन अख्ख्या पाकळ्या पाण्याबरोबर गिळायच्या. न चावता, म्हणजे तोंडाला वास नको. दोन वर्षं हे चाललं होतं.

गिळलेली पाकळी फुटलेली नसते. पोटात जाऊन ती फुटेपर्यंत आजूबाजूला जठरातलं आम्ल असतं, आणि त्या आम्लात विकराचं चालत नाही, कोकमाच्या पाण्यात चालत नाही तसंच. म्हणजे जी गोष्ट मिळावी म्हणून बाबा रोज तोंड वाकडं करत होते, ती त्यांना जेमतेमच मिळत होती. मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे चावायचा?"

*

ठेचा हे नावच क्रियेवरून पडलंय. कोल्हापूरकडे त्याला खर्डा म्हणतात.

तव्यावर तेलाचे चार थेंब, हिरव्या मिरच्यांना डाग पडेपर्यंत परतायच्या, जाडं मीठ घालायचं, आणि तव्यावरच तांब्याच्या बुडाने रगडायचं. काकू लसूण मिरच्यांबरोबर भाजते. आत्या तवा उतरवल्यावर कच्चा लसूण घालून रगडते. काकूचा ठेचा गोडसर आणि दोन दिवस पुरणारा. आत्याचा त्याच जेवणाला संपवायचा. तो पहिल्या घासाला कानापर्यंत जातो, दुसऱ्या घासाला भाकरी मागतो.

बाजरीची गरम भाकरी, आत्याचा ठेचा, वर कच्च्या तेलाची धार. कच्च्या लसणाची खरी जागा इथे, असं माझं ठाम मत आहे. भाकरीत आहे, तेलात आहे, मिठात आहे, पोटात पडतोय तो भरल्या ताटाबरोबर. रिकाम्या पोटी एकट्या पाठवलेल्या लसणाने अनेकांना जळजळतं, मळमळतं. ताटातल्या लसणाबद्दल ही तक्रार मी क्वचितच ऐकली.

*

लसूण-खोबऱ्याची चटणी. एक वाटी किसलेलं सुकं खोबरं, मंद आचेवर जेमतेम गुलाबी. पंधरा-वीस पाकळ्या, गावरान असतील तर बारीक असतात म्हणून पंचवीस. दोन चमचे लाल तिखट, मीठ. लसूण कच्चाच. खलबत्त्यात आधी लसूण आणि मीठ, मग खोबरं, तिखट शेवटी. मिक्सर घेतलाच तर थांबून थांबून, नाहीतर खोबऱ्याला तेल सुटून लगदा होतो. वडापावात पडते ती हिचीच मुंबईला गेलेली बहीण.

*

जुन्या ग्रंथांत लसणाचं नाव रसोन. म्हणजे एका रसाने ऊन, उणा. सहा रसांपैकी पाच त्याच्यात आहेत, आम्ल तेवढा नाही. हे वाचलं त्या दिवशी मला आईची सोलकढी आठवली. नसलेला सहावा रस कोकणाने शेवटी ओतला.

त्याच्या जन्माच्या कथाही मोठ्या आहेत. अष्टांगहृदयात तो राहूच्या कंठातून निघतो: चोरून अमृत प्यायलेल्या राहूचं मस्तक विष्णूने उडवलं आणि जमिनीवर सांडलेल्या थेंबांचा लसूण झाला. काश्यपसंहितेत लसणावर स्वतंत्र कल्प आहे, तिथे हा जन्म इंद्राणीला दिलेल्या अमृताशी जोडलाय. दोन्ही कथांमध्ये एक धागा सारखा: मूळ अमृताचं, पण पडलं नको त्या जागी. औषध म्हणून अमृत आणि धर्माला अपवित्र, ही दोन्ही मतं ज्यांना सांभाळायची होती त्यांनी किती विचार करून कथा रचलीय!

आणि त्याहून नवलाची वस्तू म्हणजे बॉवर हस्तलिखित. १८९० मध्ये हॅमिल्टन बॉवर नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला मध्य आशियातल्या कुचा इथे भूर्जपत्रांवरची एक संस्कृत पोथी मिळाली. कलकत्त्यात रुडॉल्फ हर्नले यांनी ती वाचून छापली. आज ती ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. दीड हजार वर्षांच्या आसपासची ही पोथी सुरू होते ती लसणापासून. सुश्रुत काशीच्या राजाला या वनस्पतीबद्दल विचारतो आणि राजा सांगायला लागतो. थंडीच्या दिवसांतल्या लसणाच्या उत्सवाचं वर्णन आहे, त्यात घराच्या दर्शनी भागावर लसणाच्या माळा लावायला सांगितल्यात. ब्राह्मणांनी लसूण खायचा नाही, पण त्यांना त्याचा गुण हवा असेल तर? त्याची सोय सांगितलीय. गाईला तीन रात्री चारा न देता ठेवायचं, मग दोन भाग गवत आणि एक भाग लसणाची पात असं खायला घालायचं, आणि तिचं दूध, दही, तूप, ताक ब्राह्मणाने घ्यायचं.

ही सोय वाचताना मला त्या उपाशी गाईचं वाईट वाटलं. आणि लसणावर त्या काळच्या वैद्याचा केवढा विश्वास असेल, तेही दिसलं.

*

आई चातुर्मास पाळते. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, घरात कांद्याची भजी, भरलं वांगं आणि लसणाची चटणी पोटभर होते. एकादशीपासून चार महिने पाटा हिंग-जिऱ्याचा. पहिला आठवडा आमटी पोरकी लागते. पुढे जीभ हिंगाशी जुळवून घेते.

वारकऱ्यांमध्येही माळ घातलेले पुष्कळजण कांदा-लसूण खात नाहीत. आणि त्याच परंपरेत अरणचे सावता माळी आहेत. आपल्या मळ्यातल्या भाजीपाल्यात त्यांनी विठ्ठल पाहिला, आणि त्या अभंगात लसूणही आहे. मला या दोन्हींत भांडण दिसत नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "आवडतं म्हणूनच सोडायचं ना? नावडतं सोडायला देव कशाला लागतो?"

*

जानेवारीत मंडईत पातीचा लसूण येतो. मुळाशी पांढरी इवली गाठ, वर हिरवी पात, जुडीला माती लागलेली. हा झोंबत नाही, नुसता दरवळतो. खानदेशात वांग्याच्या भरितात तो सढळ हाताने पडतो. आमच्याकडे भोगीच्या बाजरीच्या भाकरीबरोबर पातीसकट ठेचून, वर लोणी. आयुष्यात कच्चा लसूण पहिल्यांदा खाणाऱ्याला इथून सुरुवात करून द्यावी.

*

एका वर्षी लिंबाच्या लोणच्यात घातलेला लसूण हिरवा-निळा झाला. बरणीभर लोणचं आईने टाकून दिलं. तांब्याचं भांडं लागलं असेल, काहीतरी विषारी झालं असेल, म्हणाली. मला तेव्हा माहीत असतं तर मी ती बरणी वाचवली असती. आंबट पदार्थात लसणातल्या गंधकाच्या संयुगांची आणि त्याच्यातल्याच अमिनो आम्लांची गाठ पडून तो रंग येतो. खायला काही हरकत नसते. थंडीत राहिलेल्या लसणात तो जास्त चढतो. उत्तर चीनमध्ये तर मुद्दाम आणतात. लाबा नावाचा त्यांचा हिवाळी सण असतो, त्या दिवशी सोललेल्या पाकळ्या व्हिनेगरमध्ये घालून ठेवतात. पाचूसारख्या हिरव्या झाल्या की नववर्षाला मोमोसारख्या उकडलेल्या पदार्थाबरोबर खातात.

*

लसणाच्या आरोग्यगुणांची यादी प्रत्येक घरातल्या फोनमध्ये असते. मी त्यांतले काही मोठे दावे एकेक करून वाचत गेले. बाबांसाठी. म्हणून जे सापडलं ते इथे नीट लिहून ठेवते.

कोलेस्टेरॉलचं आधी. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एक काळजीपूर्वक केलेली चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २००७ मध्ये आला. वाईट कोलेस्टेरॉल थोडं वाढलेली १९२ माणसं. काहींना रोज एका पाकळीएवढा कच्चा लसूण सँडविचमध्ये घालून, काहींना दोन प्रकारच्या लसणाच्या गोळ्या, काहींना नुसतीच खोटी गोळी. आठवड्यातले सहा दिवस, सहा महिने. शेवटी कुठल्याच गटाचं वाईट कोलेस्टेरॉल खाली आलं नाही. कच्च्या लसणाचंही नाही. लसणाला हवी ती सगळी संधी देऊन केलेली ही तपासणी होती, म्हणून मी ती मानते.

सर्दीचं चित्र थोडं बरं आहे. २००१ मध्ये छापलेल्या एका ब्रिटिश चाचणीत १४६ माणसांनी बारा आठवडे गोळी घेतली. अ‍ॅलिसिनची गोळी घेणाऱ्यांना मिळून २४ वेळा सर्दी झाली, खोटी गोळी घेणाऱ्यांना ६५ वेळा. आकडा मोठा आहे, पण चाचणी एकच, लहान, आणि गोळीची. ठेच्याची नाही.

रक्तदाबात थोडा उतार दिसतो, तोही मुळात रक्तदाब जास्त असलेल्यांत, आणि बहुतेक चाचण्या भुकटीच्या किंवा मुरवलेल्या लसणाच्या अर्काच्या. काही अंकांचा उतार. रक्तदाबाच्या गोळीची जागा घेईल असा नाही.

आणि २०२०. त्या वर्षी आमच्या सोसायटीत लसणाचा काढा घरोघरी होत होता. जागतिक आरोग्य संघटनेने तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं की लसूण आरोग्याला चांगला आहे, त्यात काही जंतूंना मारण्याचे गुण असतील, पण लसूण खाल्ल्याने कोरोनापासून बचाव होतो याला पुरावा नाही. हे वाक्य पुढे पाठवायला फार थोडे लोक तयार झाले.

*

बाबांनी लसणावर भिस्त ठेवून रक्तदाबाची गोळी बंद केली होती. आम्हाला न सांगता, तीन आठवडे. डोकं दुखतंय म्हणून मोजला तेव्हा वरचा आकडा १७८ होता. मी त्यांच्यावर ओरडले. पुढे कित्येक दिवस त्या ओरडण्याचं मला वाईट वाटत राहिलं. त्यांना गोळी नको होती असं नव्हतं. स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या, स्वतःच्या हाताने सोललेल्या वस्तूने बरं व्हायचं होतं. ही इच्छा चुकीची नाही. तिचा फायदा घेऊन "गोळ्या फेकून द्या" असं लिहिणारा माणूस चुकीचा आहे, आणि त्याला माझ्या बाबांचं वय, त्यांच्या हृदयातला स्टेंट, काहीच माहीत नव्हतं.

पुढच्या महिन्यात दाढ काढली. रक्त थांबेना. दंतवैद्यांनी गोळ्यांची यादी विचारली, अ‍ॅस्पिरिन तर होतीच. मग त्यांनी विचारलं, "काका, लसूण वगैरे घेता का सकाळी?" बाबांनी मान हलवली. लसणामुळे रक्ताची गुठळी व्हायला वेळ लागतो आणि अ‍ॅस्पिरिनचंही काम तेच, असं त्यांनी समजावलं. जेवणातला लसूण चालेल, पण औषध म्हणून मुठीने घेत असाल तर शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी बंद करा आणि डॉक्टरांना आठवणीने सांगा. आम्ही कधी सांगितलं नव्हतं, कारण लसूण हे सांगायचं औषध आहे असं कोणाच्या मनातच आलं नाही.

*

लेप लावू नये. शेजारच्या काकूंनी गुडघ्यावर ठेचलेला लसूण फडक्यात बांधून रात्रभर ठेवला. सकाळी भाजल्यासारखे फोड. जे जिवाणूंना जाळतं ते कातडीलाही जाळतं. लहान मुलांच्या अंगावर तर मुळीच नको.

*

बाळंतिणीला आमच्याकडे लसूण-खोबरं भरपूर देतात, दूध येतं म्हणून. दूध वाढतं का हा प्रश्न बाजूला ठेवते. पण अमेरिकेत १९९१ मध्ये जुली मेनेला आणि गॅरी बोशॅम्प यांनी अंगावर पाजणाऱ्या आयांना लसूण देऊन बघितलं. दोनेक तासांत दुधाला लसणाचा वास आला. आणि बाळं? ती स्तनाला जास्त वेळ लागून राहिली, जास्त चोखत राहिली.

माझी भाची जन्मली तेव्हा आजी ताटात चटणी वाढताना म्हणायची, "तिलाही कळू दे घरचा वास." ते वाक्य मी तेव्हा लाडाचं समजले होते.

*

लसूण सोलून, ठेचून, तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवायची पद्धत आता बरीच दिसते. ती सोडावी. तेलाखाली हवा नसते, लसूण मातीतला असतो आणि आंबट नसतो. बोटुलिझमच्या जिवाणूला हवं ते सगळं तिथे मिळतं. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका उपाहारगृहातल्या अशाच तेलातल्या लसणाने ३६ जणांना बोटुलिझम झाला. या विषाला वास नसतो, चव नसते. करायचाच तर थोडा करावा, लगेच फ्रीजमध्ये ठेवावा आणि दोन-चार दिवसांत संपवावा. नाहीतर रोजचा रोज ठेचावा. तीन पाकळ्यांना वेळ तो कितीसा लागतो!

*

आमच्या गल्लीतल्या एक मावशी खानावळीसाठी लसूण सोलतात. दिवसाला चार-पाच किलो. त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बघावीत: टोकांची कातडी सोललेली, भेगाळलेली, पाण्यात हात घातला की चरचरणारी. उजव्या हातात सुरी असते, पाकळी डाव्या हातात, म्हणून दुखणं डाव्याच हाताला. हा नुसता कोरडेपणा नाही. लसणातल्या गंधकाच्या संयुगांचं त्वचेला वावडं असल्याची ही ओळखीची खूण आहे, आणि स्वयंपाक्यांमध्ये ती जगभर दिसते. मी त्यांना हातमोजे आणून दिले. त्या म्हणाल्या, मोज्यात साल नखाला लागत नाही, हात चालत नाही. कोमट पाण्यात भिजवून सोलला तर साल लवकर सुटते, पण भिजलेला लसूण टिकत नाही म्हणून खानावळवाल्यांना तो चालत नाही.

तेव्हापासून पिशवीतला सोललेला लसूण विकत घेताना माझा हात थांबतो.

*

लसणाला बी धरत नाही. पाकळी लावायची, तिचाच गड्डा होतो. म्हणजे आज आपण खातो तो लसूण हाताहातांतून, पाकळीपाकळीने इथवर आलाय. आपल्याकडे लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरात. कंद धरायला थंडी लागते, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर काढणी. राजगुरुनगरला कांदा आणि लसणाच्या संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, भीमा ओंकार आणि भीमा पर्पल ही लसणाची वाणं तिथलीच. लसणात देशात पुढे आहे तो मध्य प्रदेश, त्यातही मंदसौर-नीमचचा पट्टा.

२०२४ मध्ये किरकोळ बाजारात लसूण किलोला चारशे रुपयांच्या वर गेला. आमच्या भाजीवाल्या ताई दहा-दहा रुपयांच्या पाकळ्या मोजून देत होत्या. रोज दोन पाकळ्या गिळा म्हणणाऱ्यांनी त्या रांगेत उभं राहून बघायला हवं होतं. ज्यांच्या जेवणात ठेचा हीच भाजी असते त्यांच्या ताटातून तो त्या वर्षी आधी गेला.

*

वासाचं. दात घासून लसणाचा वास जात नाही, कारण तो नुसता तोंडात नसतो. त्यातलं एक संयुग आतड्यातून रक्तात जातं, रक्तातून फुप्फुसात आणि श्वासावाटे बाहेर येत राहतं, दुसऱ्या दिवसापर्यंतसुद्धा. दूध, कच्चं सफरचंद, पुदिना यांनी तो कमी होतो, आणि जेवणाबरोबरच घेतले तर जास्त. जेवणानंतर बडीशेप खाऊन तो फक्त झाकला जातो. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून खाल्ला तर कोणालाच येत नाही, हा आजोबांचा उपाय.

*

कार्तिकी एकादशी काल झाली. टोपलीतल्या जुन्या गड्ड्यांना कोंब फुटलेत. त्यांतल्या जाड पाकळ्या वेगळ्या काढून मी गॅलरीतल्या दोन कुंड्यांत लावल्या, टोक वर, दोन बोटं खोल. आठ-दहा दिवसांत पात दिसेल. कंद होवो न होवो, भोगीला हिरवी पात तरी घरची.

उरलेल्या पाकळ्या आईने मागितल्या. चार महिन्यांनी पाटा धुवून घेतला, पाकळ्या ठेचल्या आणि बाजूला सारल्या. मग मिरच्यांचे देठ काढत बसली. बाबा दारात येऊन उभे राहिले. त्यांची रक्तदाबाची गोळी सकाळीच झाली होती, आता त्यांना फक्त भूक होती.

"बसा," आई म्हणाली, "भाकरी टाकते."